ह्याला बेदाणा चालत नाही

शेठच्या नातवाला झेपेना, म्हणून तो माझ्याकडं आला.
पट्टा, वाटी, गोचिडाच्या औषधाची निम्मी बाटली
आणि नाव, ब्रूनो.
नाव आम्ही दोन दिवसांत बदललं.
तापल्या कढईत चुरमुरे उडावेत
तसा दोन खोल्यांत उडत होता.
हर्षदानं हाक मारली, भडंग!
आणि लोंबत्या कानांसकट त्यानं मान वळवली.

शेपूट कुणीतरी आधीच तोडलेली.
उरलेलं बोटभर खुंट मात्र
दिवसभर हलायचं, झोपेतसुद्धा.

मी तासगावच्या शेडमध्ये आठ तास बसून असते.
पट्ट्यावरून बेदाणा येतो :
काडी बाजूला, काळा मणी बाजूला,
लांब हिरवा ह्या क्रेटात, गोल त्या.
मान मोडून घरी यावं, दार उघडावं तर
उशीचा कापूस, चपलेचा अंगठा
आणि विजेचं बिल खाल्लेलं,
आकडा तेवढा शिल्लक.

पळव त्याला, दमेल, जुलेखाभाभी म्हणाल्या.
पळवला. देवळापर्यंत, मग बायपासपर्यंत, मग पंपापर्यंत.
दमले मी.
रोज जरा जास्त पळणारं कुत्रं
तेवढं तयार झालं.

मग एका रविवारी, चिडून,
फाटकं गोणपाट त्याच्यापुढं टाकलं.
दोरीनं बांधलं, घड्या घातल्या,
घडीघडीत वाळक्या भाकरीचे तुकडे.
त्यानं नाक आत घातलं
आणि घर गप्प झालं.
नुसतं फुस फुस, फुस फुस,
एक कान गोणपाटाखाली, एक बाहेर पसरलेला.
वीस मिनिटं.
कितीतरी दिवसांनी मी चहा गरम प्याले.
ह्याचे पाय दमवून उपयोग नव्हता.
ह्याला काम पाहिजे होतं. निवडायचं.
घ्या, म्हटलं, घरात आणखी एक बाई कामाला लागली.

द्राक्ष, बेदाणा, विष आहे ह्याला,
डॉक्टर आवटींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
तासगावात राहून? मी हसले होते.
तरी रोज ॲप्रन दाराबाहेर खिळ्याला,
खिसे उलटे, ओचा झटकायचा,
हात कोपरापर्यंत धुवायचे.

सौद्याचे दिवस, जादा पाळी.
हर्षदाच्या वाढदिवसाला खीर करावी म्हणून
मूठभर पुडीत बांधून आणला,
पिशवी खुर्चीवर ठेवली, आणि डोळा लागला.
जाग आली तेव्हा कागद होता.
कागद तेवढा.
किती होते? डॉक्टर फोनवर विचारत होते.
दिवसभर मणी मणी बघणारी मी,
घरी आणलेले मोजलेच नव्हते.

अस्लमच्या टेम्पोतून सांगली. रात्रीचा दीड.
ओकवलं, सलाईन लावलं,
पुढच्या पायाचे कुरळे केस कापून चौकोन केला.
पत्र्याच्या टेबलावर तो पडून राहिला,
हलेना, हुंगेना.
शांत.
महिनाभर मी हेच मागत होते ना,
शेजाऱ्यांपाशी, देवापाशी, त्याच्यापाशी?
खुंटावर हात ठेवून बसले.
असलं नको, म्हटलं. असलं शांत नको.

तिसऱ्या दिवशी खुंट हललं. थोडं.
नंतर नर्सबाईंची नजर चुकवून
त्यानं पायाची चिकटपट्टी खाल्ली.
पैसे शेठकडून उचल घेतले.
पगारातून अजून कापतात.

खीर झाली पुढच्या महिन्यात, नुसत्या शेवयांची.

आता गोणपाटाला एकवीस घड्या आहेत.
हर्षदा म्हणते वीस.
तुकडे संपले की तो मान वर करून बघतो,
नाकाला सुतळीचा धागा, डोळ्यांत : अजून?
मी हात हुंगते. साबण.
पुन्हा हुंगते.
मग बसते लपवायला.